बारा, बारा-ए, चौदा

अंधश्रद्धा वाडीवस्तीवरची असली की तिचं निर्मूलन करायचं असतं. तीच टॉवरमध्ये राहायला आली की तिच्यासाठी लिफ्टची बटणं बदलतात. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच नव्या, लॉबीत इटालियन मार्बल ओतलेल्या इमारतींत लिफ्टची पट्टी बघा. दहा, अकरा, बारा आणि एकदम चौदा. बिल्डर जरा संकोची असेल तर बारा-ए. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या रिक्षावाल्याला इथली मंडळी हसतात आणि मग वर जाऊन बारा-एच्या दाराला किल्ली लावतात.

रिक्षावाल्याच्या लिंबाला शास्त्रीय नाव नाही, हा त्याचा गुन्हा. तेराच्या भीतीला आहे. ट्रिस्कायडेकाफोबिया. शब्द असा भारदस्त की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्यावर ग्रीसमध्ये अडीच हजार वर्षं उपचार चालू असतील. प्रत्यक्षात हा शब्द ॲरिस्टॉटलच्या कानावरून कधी गेला नाही. बोस्टनमधले मनोविकारतज्ज्ञ इसाडोर कोरिआट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक सुटे भाग आणून तो जोडला. ट्रिस म्हणजे तीन, डेका म्हणजे दहा, फोबिया म्हणजे भीती. मधला 'काय' आपला नव्हे. ग्रीकमध्ये 'काय' म्हणजे 'आणि'. तीन-आणि-दहाची-भीती. संपलं. यात निदान नाही, कारण नाही, औषध तर नाहीच. घसा दुखतोय म्हणून गेलात की डॉक्टर 'फॅरिंजायटिस' म्हणतात, म्हणजे तुम्ही मराठीत सांगितलेलंच तुम्हाला ग्रीकमध्ये परत देतात आणि वर फी घेतात, तसलाच हा व्यवहार. पण रोग्याला बरं वाटतं. कालपर्यंत तो भित्रा होता, आजपासून त्याला फोबिया आहे.

या शब्दाला एक लांबलचक चुलत भाऊही आहे. तेरा तारखेच्या शुक्रवारची भीती: पॅरास्केव्हिडेकाट्रियाफोबिया. डोनाल्ड डॉसी नावाच्या अमेरिकन मानसोपचारकाने हा अलीकडे घडवला आणि सोबत विनोदही केला की ज्याला हा शब्द नीट म्हणता आला तो बरा झाला. आपल्याकडे हा उपचार चालणार नाही. 'किंकर्तव्यविमूढ' म्हणत आम्ही शाळा पार केली, त्यातून कुणी बरं झाल्याचं ऐकिवात नाही.

नाव ग्रीक मिळालं की पुढची पायरी म्हणजे वंशावळ. तेराची भीती किती पुराणी याचे पुरावे फॉरवर्डांतून फिरत असतात आणि ते पुढे ढकलणारे बहुतेक इंजिनिअर असतात. पहिला पुरावा: हम्मुराबीच्या कायद्यात तेरावं कलम गाळलंय. हम्मुराबीची ती काळी शिळा पॅरिसच्या लूव्हरमध्ये उभी आहे आणि तिच्यावर कलमांना आकडेच नाहीत. आकडे घातले आधुनिक अभ्यासकांनी. दुसरा पुरावा: नॉर्स देवांच्या मेजवानीत लोकी हा तेरावा, आगंतुक पाहुणा होता. मूळ कथांमध्ये पाहुण्यांची अशी तेराची मोजदाद सापडत नाही. तिसरा पुरावा: फ्रान्सच्या राजाने टेम्पलर सरदारांना शुक्रवारी, १३ ऑक्टोबर १३०७ला पकडलं. हे खरंच घडलं. फक्त त्यानंतर कित्येक शतकं त्या शुक्रवारची कुणी दखल घेतली नाही; ती आठवण झाली ती विसाव्या शतकातल्या कादंबरीकारांना.

जुनं म्हणावं असं एवढंच, की शेवटच्या भोजनाला येशू आणि बारा शिष्य मिळून तेरा जण बसले आणि त्यातला एक जूडास निघाला. त्यावरून युरोपात 'तेरा जण जेवायला बसले तर वर्षाच्या आत एक जातो' अशी समजूत रुजली. म्हणजे ही भीती मुळात पंगतीची. मजल्याची नाही, विमानातल्या रांगेची नाही, खोलीच्या नंबराची तर अजिबात नाही. जेवणावळीत पानं किती मांडायची, एवढाच तिचा जीव. १७११ साली लंडनच्या 'स्पेक्टेटर'मध्ये जोसेफ ॲडिसनने अशाच एका बैठकीचा किस्सा लिहिलाय. गप्पा रंगात आल्या असताना एका म्हातारीने माणसं मोजली, तेरा भरली. बायका घाबरून उठायला लागल्या. तेवढ्यात ॲडिसनच्या मित्राच्या लक्षात आलं की हजर असलेल्यांतली एक बाई गरोदर आहे. तो म्हणाला, आपण चौदा आहोत. आणि हा शकुन कुणी जाण्याचा नसून कुणी येण्याचा आहे. झालं, सगळे परत बसले. आपल्याकडचा एखादा मुरलेला गुरुजीही याहून बरी पळवाट काढू शकला नसता.

पण दर पंगतीला गरोदर बाई कुठून आणायची? पॅरिसने त्यावर रोजगार हमी काढली. एकोणिसाव्या शतकात तिथे 'कातोर्झियेम', म्हणजे 'चौदावा', हा पेशाच होता. संध्याकाळी उंची कपडे घालून घरी तयार बसायचं. कुठल्या तरी हवेलीत पाहुणे तेरा भरले की बोलावणं यायचं. जायचं, जेवायचं, चार शब्द बरे बोलायचे, पैसे घ्यायचे. आयत्या जेवणावर बिदागी! सदाशिव पेठेत ही नोकरी निघती तर अर्जांची रांग लकडी पुलापर्यंत गेली असती.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. १८९८ साली वूल्फ जोएल नावाच्या, दक्षिण आफ्रिकेत गडगंज झालेल्या खाणमालकाने तिथे चौदा जणांची मेजवानी ठेवली. एक गळाला. कुणीतरी म्हणालं, जो पहिला उठेल तो मरेल. जोएल हसला आणि पहिला उठला. काही आठवड्यांत जोहान्सबर्गच्या त्याच्या कचेरीत त्याला गोळी घालून ठार केलं. सॅव्हॉयने धसका घेतला. यापुढे तेरा जणांच्या टेबलावर हॉटेलचा एक नोकर बसवायचा, असं ठरलं. पण पाहुण्यांना ते रुचेना. धंद्याच्या गोष्टी चालू असताना परका माणूस शेजारी कान लावून सूप पिणार. शेवटी १९२०च्या दशकात बेसिल आयोनिडीज या आर्किटेक्टकडून एक काळं लाकडी मांजर कोरून घेतलं. नाव कॅस्पर. तेरा जण असले की चौदाव्या खुर्चीवर कॅस्पर बसतो. त्याच्या गळ्यात रुमाल बांधतात, त्याच्यापुढे काटे-चमचे मांडतात आणि प्रत्येक पदार्थ त्याला वाढून पुन्हा उचलतात. नैवेद्य आणखी वेगळा काय असतो? आपण निदान तो नंतर प्रसाद म्हणून खातो. आणखी गंमत अशी की युरोपात बऱ्याच ठिकाणी काळं मांजर हाही अपशकुन. म्हणजे एका अपशकुनावर उतारा म्हणून दुसरा नेमला, कायम नोकरीवर. चर्चिल ज्या क्लबाचे सहसंस्थापक होते तो तिथेच जेवायचा, आणि कॅस्पर त्यांच्या पंगतीचा मानकरी होता.

राहता राहिला जोएलचा खून. गोळी झाडणाऱ्याचं नाव फॉन व्हेल्टहाइम. तो जोएलकडून पैसे उकळायच्या खटपटीत होता. हे मेजवानीच्या आधीपासून शिजत होतं की नंतर, ही चौकशी कुणाला करावीशी वाटली नाही. खटल्यात ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. गोळी घालणारा सुटला आणि तेराच्या आकड्याला जन्मठेप झाली, ती अजून चालू आहे.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे लाकडी मांजर नव्हतं, सेक्रेटरी होती. ग्रेस टली. पाहुणे तेरा झाले की तिला आयत्या वेळी चौदावी म्हणून टेबलावर बसवत. भीतीखेरीज कशालाही भ्यायचं कारण नाही, असं देशाला सांगणारे हेच गृहस्थ. देशाने ऐकलं, त्यांनी स्वतः सूट घेतली.

आता यांच्या विरोधकांकडे वळू. त्यांची कथा जास्त करुण आहे. न्यूयॉर्कमध्ये कॅप्टन विल्यम फाउलर नावाचा यादवी युद्धात लढलेला गृहस्थ होता. त्याने ठरवलं, या तेराच्या भीतीचा एकदाचा निकाल लावायचा. त्याने 'थर्टीन क्लब' काढला. शुक्रवार, १३ जानेवारी १८८२. तेरा नंबरची खोली, तेरा माणसं, वेळ रात्री आठ वाजून तेरा मिनिटं. आत जायचं ते शिडीखालून. टेबलावर मुद्दाम मीठ सांडलेलं. तेरा माणसं जमवायलाच त्याला कित्येक महिने लागले होते. पुरोगामी विचारांची ही अडचण तेव्हापासून आहे. वर्षभराने अहवाल वाचला गेला: एकही सदस्य दगावलेला नाही. मग क्लबला बहर आला. चेस्टर आर्थर, क्लीव्हलँड, हॅरिसन, मॅकिन्ली, थिओडोर रूझवेल्ट असे पाच राष्ट्राध्यक्ष मानद सदस्य झाले. यातले मॅकिन्ली पुढे १९०१मध्ये गोळीला बळी पडले. तेरावादी आणि तेराविरोधी दोघांनीही त्याचा सोयीने अर्थ लावला असणारच.

लंडनने या क्लबाची नक्कल केली ती आणखी तपशिलात. १८९४च्या १३ जानेवारीला त्यांनी जेवण ठेवलं तेव्हा वाढपी तिरळे शोधून आणले होते, मिठाच्या वाट्या शवपेटीच्या आकाराच्या होत्या आणि जेवणानंतर आरसे फोडायचा कार्यक्रम होता. ऑस्कर वाइल्डला बोलावलं, त्याने नकार दिला. अंधश्रद्धा मला आवडतात, त्यांनी विचारांना रंग येतो, अशा आशयाचं त्याने कळवलं. त्या सगळ्या मंडळींत शुद्धीवर असलेला तो एकटा दिसतो. कारण बघा: तारीख पाळायची, मिनिटं पाळायची, खोलीचा नंबर पाळायचा, आकृत्या मांडायच्या, ठरलेल्या वस्तू ठरलेल्या क्रमाने फोडायच्या. तेराची इतकी साग्रसंगीत पूजा तेराला भिणाऱ्यांनीही कधी केली नव्हती. भिणारा बिचारा तेरा टाळून चौदावर जातो आणि विसरतो. यांना तो वर्षभर पुरायचा. आपल्याकडे ग्रहणात मुद्दाम वडे तळून खाणारे आणि त्याचा फोटो टाकणारे जे आहेत, त्यांचे पूर्वज सापडले म्हणायचे.

शुक्रवार यात घुसला कसा? शुक्रवार वाईट ही वेगळी समजूत होती, येशूला सुळावर दिलं त्या वारावरून आलेली. दोन्ही भीतींचं लग्न खऱ्या अर्थाने वाजलं ते १९०७ साली, आणि भटजी निघाला शेअर दलाल. बोस्टनचा थॉमस लॉसन. त्याने 'फ्रायडे, द थर्टीन्थ' नावाची कादंबरी लिहिली; तिच्यात एक दलाल तेरा तारखेच्या शुक्रवारी वॉल स्ट्रीट कोसळवतो. पुस्तक गाजलं. बाजारातल्या माणसाला मंदीचं खापर फोडायला वार आणि तारीख दोन्ही मिळाली, आणखी काय हवं? याच लॉसनच्या नावाचं सात डोलकाठ्यांचं अवाढव्य जहाज होतं. त्याच वर्षी डिसेंबरात ते इंग्लंडजवळ सिली बेटांपाशी वादळात फुटलं. तारीख? शनिवार, चौदा. पण छे! भाविकांनी लगेच हिशेब मांडला: पहाटेची वेळ होती, म्हणजे बोस्टनच्या घड्याळात अजून शुक्रवार तेराच चालू होता.

घड्याळाची ही सोय पुढे चंद्रापर्यंत गेली. अपोलो १३ ह्यूस्टनच्या वेळेने १३ वाजून १३ मिनिटांनी उडालं आणि १३ एप्रिल १९७०ला त्याची ऑक्सिजनची टाकी फुटली. तेराचे भक्त हे अजून सांगतात. ही वेळ ह्यूस्टनची. लंडनमध्ये आणि आपल्याकडे तेव्हा चौदा तारीख लागली होती. आणि तिन्ही अंतराळवीर जिवंत परतले, हे तर त्या यानाच्या नंबरात कुणीच मोजत नाही.

आकडेमोडच करायची तर सरळ करू. आपण वापरतो ते ग्रेगरियन कॅलेंडर दर चारशे वर्षांनी तंतोतंत पुन्हा येतं. त्या चारशे वर्षांत महिने ४८००. त्यातली १३ तारीख कुठल्या वारी सगळ्यात जास्त येते? शुक्रवारी. ६८८ वेळा. गुरुवारी आणि शनिवारी सगळ्यात कमी, ६८४. चार वेळाचाच फरक, पण पोप ग्रेगरींनी निदान तेवढी तरी काळजी घ्यायला हवी होती. २०२६मध्ये असे शुक्रवार तीन आहेत. रजा टाकून ठेवा.

किंवा इटलीला जा. तिथे तेरा शुभ, सतरा वाईट. कारण सतराचे रोमन आकडे उलटसुलट केले की लॅटिनमध्ये 'मी जगलो', म्हणजे आता आटोपलं, असं निघतं. स्पेन आणि ग्रीसमध्ये तेरा चालत नाही, पण वार मंगळवार. जपानमध्ये चार नको, कारण चार आणि मरण यांचा उच्चार सारखा. जर्मनीच्या लुफ्थान्साच्या विमानांत तेराव्या रांगेबरोबर सतरावीही नसते. गिऱ्हाईक इटालियनही असतं. बेल्जियमच्या ब्रसेल्स एअरलाइन्सचं तर हसं झालं. कंपनी सुरू होताना त्यांनी बोधचिन्ह काढलं: ठिपक्या-ठिपक्यांनी बनलेलं 'बी' अक्षर. लोकांनी ठिपके मोजले. तेरा! तक्रारी आल्या आणि विमानं उडायच्या आधीच शेपटीवर चौदावा ठिपका रंगवावा लागला. विमानाचं इंजिन कुठल्या कंपनीचं, वैमानिकाची झोप झाली का, हे कुणी मोजलं नाही. ठिपके मोजले.

आर्नल्ड शोनबर्ग हा संगीतकार या सगळ्यांचा कुलगुरू. जन्म १३ सप्टेंबरचा, त्यामुळे आयुष्यभर धास्तावलेला. त्याच्या 'मोझेस अँड आरोन' या ऑपेराचं नाव जर्मनमध्ये मोजलं तर तेरा अक्षरं भरायची, म्हणून त्याने आरोनमधला एक 'ए' काढून टाकला. शहात्तरावं वर्ष त्याला घोर लावून गेलं. सात अधिक सहा तेरा. त्याच वयात, शुक्रवारी, १३ जुलै १९५१ला तो गेला, मध्यरात्रीला थोडी मिनिटं बाकी असताना. यावर हसू येत नाही, मान्य. मात्र पाश्चात्त्य संगीतातली बारा स्वरांची नवी पद्धत या माणसाने काढली. बाराच.

आता आपलं काय? आपलं तेराशी वैर कधीच नव्हतं. 'तीन तेरा वाजले' म्हणतो, 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणतो, पण तो तेरावा महिना म्हणजे अधिक मास, आणि त्यात खर्च होतो सासऱ्याचा. जावयाला धोंड्याच्या महिन्यात ताटभर अनारसे मिळतात. तेराबद्दल त्याची तक्रार असल्याचं कुणी ऐकलं नाही. तेराव्याला गोडाचं जेवण असतं, कारण सुतक संपलेलं असतं. प्रदोष त्रयोदशीचा. सोनं घ्यायचं ते धनत्रयोदशीला. वाजपेयींचं पहिलं सरकार तेरा दिवस टिकलं, दुसरं तेरा महिने, तिसऱ्याची शपथ १३ ऑक्टोबर १९९९ला, आणि १३ मे २००४ला निकाल लागून ते गेलं. इतका मालमसाला असूनही पक्षाने तेराला दोष दिला नाही, 'इंडिया शायनिंग'च्या जाहिरातींना दिला.

तेराची भीती इथे बाहेरूनच आली आणि आली ती वास्तुरचनेच्या फाइलीतून. चंदीगड बघा. नेहरूंना जुन्या परंपरांचं ओझं नसलेलं, नव्या भारताचं शहर हवं होतं. आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझियरने ते आखलं: सेक्टर बारा आणि त्यानंतर सेक्टर चौदा. विवेकवादी शहर, वजा एक. जवळपास सत्तर वर्षं तिथे तेरा नव्हताच. २०२०मध्ये प्रशासनाने मनीमाजराला सेक्टर १३ म्हणायचं ठरवलं. मनीमाजरा म्हणजे चंदीगडच्या कितीतरी आधीपासूनचं जुनं, गजबजलेलं गाव. भीती आर्किटेक्टची, पदरात घातली गावकऱ्यांच्या.

आणि आपले टॉवर. धनत्रयोदशीच्या दिवशी सेल्स ऑफिसात झेंडूच्या माळा लागतात, पेढे ठेवलेले असतात. "सर, आज बुकिंगला याच्याइतका मुहूर्त नाही," असं टाय लावलेला मुलगा सांगतो. गिऱ्हाईक टोकन रकमेचा चेक लिहिता लिहिता विचारतं, "मजला तेरावा नाही ना?" "नाही सर, आपल्या प्रोजेक्टमध्ये तेरावा ठेवलेलाच नाही." त्रयोदशीच्या मुहूर्तावर, तेरा टाळून, तेराव्या मजल्यावरचा फ्लॅट बुक होतो. पेढा घ्या.

कॅनडातल्या व्हँकूवरने २०१५मध्ये हा खेळ बंद केला. तिथे चिनी गिऱ्हाइकांसाठी चार, चौदा, चोवीस आणि गोऱ्यांसाठी तेरा असे मजले गाळता गाळता इमारती कागदावर भलत्याच उंच झाल्या होत्या. शहराने फर्मान काढलं, मजले ओळीने मोजा. कारण अंधश्रद्धा निर्मूलनाचं दिलं नाही. आग लागली तर जवान बाहेरून मजले मोजतो, आत पाट्या वाचतो, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही तर तो भलत्याच मजल्यावर पाइप घेऊन उभा राहतो.

आपल्याकडे अग्निशमनाचा दाखला देऊन कुणी बधणार नाही. पण फ्लोअर राइज नावाची चीज आहे. मजला जितका वर, तितके चौरस फुटामागे जादा पैसे, आणि ते मजल्याच्या नंबराने लावतात. तेव्हा चौदाव्या मजल्यावर घर घेणाऱ्याने चेकवर सही करायच्या आधी फक्त एवढं विचारावं: खालपासून मोजलं तर हा तेरावा आहे, मग राइज तेराव्याचा लावणार की चौदाव्याचा? प्रश्न ऐकून टायवाला मुलगा "सरांना विचारून येतो" म्हणेल आणि आतल्या केबिनमध्ये जाईल. तुम्ही तेवढ्यात आणखी एक पेढा घ्या.